वाढत्या अंगाचा झगा

नंदाबाई बिडकरांनी नागपुरात एकतीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले, आणि एवढ्या वर्षांत त्यांचा एकही कपडा परत आला नाही. हे त्या स्वतःच सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पुरेसं कौतुक दिसलं नाही तर पुन्हा सांगत. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. आत दोन मशिनं, आणि जून महिन्यात बाहेर आयांची ही रांग. अशी बाई नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला येऊन बसली तर तिचं काय होणार? व्हायचं तेच झालं. पहिल्या वर्षी त्यांनी संजीवच्या घरातले सगळे पडदे आखूड केले, दुसऱ्या वर्षी ते पुन्हा लांब केले, आणि तिसऱ्या वर्षी जाहीर केलं की आता बास, मी चालले.

संजीवने तिकीट काढून दिलं. दोन फेब्रुवारीचं, फक्त जाण्याचं. आता मुलाला आई जावी असं वाटत होतं का? मुळीच नाही. पण बिचाऱ्याला ते सांगता कुठे येतंय. ऑफिसात दिवसभर लोकांच्या गळी काही ना काही उतरवणारा माणूस, त्याने आईसाठीही लॅपटॉपवर एक स्लाइड केली. खरंच केली. डावीकडे शॉमबर्गचे फायदे, उजवीकडे नागपूरचे तोटे. नंदाबाईंनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली आणि उजवीकडची रेघ तिरकी आलीय एवढंच म्हणाल्या. सून आश्लेषा गुणाची, तिने जवळ बसून सांगितलं की आई, तुम्हाला जे कम्फर्टेबल वाटेल ते करा. अहो, कम्फर्टेबल गादी असते, सोफा असतो. नंदाबाईंना कुणीतरी आडमुठेपणाने 'नाही जायचं' म्हणायला हवं होतं, आणि त्या समजूतदार घरात तसं कुणी म्हणेना. आपल्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

अडायचं ते शेजारी. भिंतीपलीकडच्या घरात मारिविक राहायची. फिलिपिन्समधल्या सेबू शहराची, पन्नाशीची, हॉस्पिटलात नर्स. मुलं कॉलेजात, नवरा जहाजावर. नर्सच्या ड्रेसचा खिसा उसवला, पँट आखूड करायची झाली की ही नंदाबाईंच्या दारात उभी. हाक मारायची 'आते नंदा'. तिच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. नंदाबाईंनी पहिल्या दिवशी ते आत्या म्हणून ऐकलं, आणि खरं काय ते कळल्यावरही त्यांना दोन्ही नाती चालण्यासारखी वाटली. दोघींचं इंग्रजी आपापल्या गावचं असल्यामुळे त्यांना एकमेकींचं चटकन समजे. जड जायचं ते संजीवचं इंग्रजी.

मारिविकच्या जिव्हाळ्याचा विषय म्हणजे सेबूचे सण. एकदा सुरू झाली की थांबायची नाही. डिसेंबरात म्हणे नऊ दिवस पहाटे चारला चर्चमध्ये जायचं आणि बाहेर येऊन वाफाळते तांदळाचे केक खायचे. ते आटोपतंय तोवर जानेवारीत बाळाचा उत्सव, सिनुलोग. बाळ म्हणजे सांतो निन्यो, बाळ येशू. हातभर उंचीची लाकडी मूर्ती, डोक्यावर मुकुट, अंगात लाल झगा, पायात सोनेरी बूट. त्याच्यासाठी अख्खं शहर ढोलांवर रस्त्यात नाचतं, दोन पावलं पुढे आणि एक मागे. पाचशे वर्षांपूर्वी मॅगेलन नावाच्या दर्यावर्दीने ती मूर्ती तिथल्या राणीला भेट दिली, आणि दोनच आठवड्यांत समोरच्या बेटावरच्या लोकांनी त्या मॅगेलनलाच कापून काढलं. त्या लढाईचाही सण असतो, एप्रिलमध्ये, किनाऱ्यावर. नंदाबाईंना हे फारच पटलं. देव ठेवून घेतला आणि आणणाऱ्याला उडवला, म्हणजे माणसं व्यवहाराला पक्की आहेत, असं त्यांनी जेवताना आश्लेषाला सांगितलं.

शॉमबर्गच्या आसपासची सेबूची मंडळी दर जानेवारीत एका चर्चच्या हॉलमध्ये हा उत्सव करत. दर वर्षी एका बाईकडे यजमानपण येतं. तिला हर्माना म्हणतात, आणि बाळाला नवा झगा द्यायचा मान तिचा. मारिविकने या मानासाठी अकरा वर्षं वाट पाहिली होती. गेल्या वर्षीची हर्माना होती बेबी. नाव बेबी, वय बासष्ट, अंगाने चांगली भरभक्कम. तिने झगा थेट सेबूहून मागवला होता, मोती लावलेला, आणि त्या मोत्यांचा विषय तिने वर्षभर कुणाला विसरू दिला नव्हता. यंदा काही कमी पडलं असतं तर मारिविकला पुढची अकरा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं.

मारिविकने तांबडी मखमल आणली, नंदाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि जायच्या आधी एवढा झगा शिवून दे म्हणाली. नंदाबाईंनी नागपुरी थाटात आधी नाही नाही म्हटलं आणि बोलता बोलताच मखमलीवर उलटा-सुलटा हात फिरवून तिची लव बघायला घेतली. दुसऱ्या दिवशी संजीवला गाडी काढायला लावून त्या शिकागोतल्या देशी दुकानांच्या डेव्हन अव्हेन्यूला गेल्या आणि चार दुकानं पालथी घालून मनासारखी जरीची बॉर्डर घेऊन आल्या. तीन वर्षांत आई प्रथमच घाईत दिसली, असं संजीव आश्लेषाला म्हणाला.

उत्सवाआधी नऊ दिवस मूर्ती रोज एका घरी मुक्कामाला जाते. मारिविककडे ती पहिल्या दिवशी होती, म्हणजे माप घ्यायला तेवढाच वेळ. मारिविकने बाळाला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून पट्टा लावून आणलं होतं. ते खिडकीतून पाहून नंदाबाईंना बरं वाटलं. देवाचं कसं करायचं हे त्यांना शिकवायला नको. घरच्या महालक्ष्म्यांना त्यांनी तीस वर्षं स्वतःच्या हातांनी साड्या नेसवलेल्या. त्यांनी हात धुतले, नमस्कार केला, गळ्यात टेप टाकली आणि मारिविककडे वळून तोच प्रश्न विचारला जो त्या आजवर प्रत्येक आईला विचारत आल्या होत्या.

"किती वर्षांचा?"

मारिविकने जरा विचार केला आणि सांगितलं, पाच. फार तर सहा.

आणि इथेच घोटाळा झाला. युनिफॉर्मचं शास्त्र वेगळं असतं. जूनमध्ये पाच वर्षांच्या पोराचं माप घ्यायचं ते निव्वळ माहितीसाठी. शिवायचं ते पुढच्या वर्षीच्या पोराचं. बाही बोटांपर्यंत आली पाहिजे, फ्रॉक पोटरीपर्यंत आला पाहिजे, आणि पोरगं आरशात बघून रडवेलं झालं पाहिजे, तर आई समाधानाने घरी जाते. याला वाढत्या अंगाचं शिवणं म्हणतात. अंगाबरोबर बसणारा युनिफॉर्म शिवला तर नागपुरात दुकान चालत नाही. आता नंदाबाईंनी वहीत बाळाचं माप अगदी बरोबर उतरवलं होतं, त्यात काही खोट नव्हती. पण कापायला बसल्यावर वही कोण बघतो? डोक्यात 'पाच वर्षांचा' एवढंच होतं आणि कात्री तिच्या सवयीने चालत होती. उंचीला चार इंच, बाहीला दीड, छातीला दोन, असं सगळं आपोआप सुटत गेलं. लाकूड वाढत नसतं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

घालून बघावा तर बाळ घरोघर मुक्कामाला फिरत होता, शेवटच्या दिवशी तर खुद्द बेबीकडेच होता. आणि झगा आधी बेबीच्या नजरेला पडू द्यायचा नाही, ही मारिविकची सक्त अट. नंदाबाईंनी झग्याला इस्त्री केली, मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात ठेवला आणि बराच वेळ त्या खोक्याकडे बघत बसल्या. आपण इथून जाताना एक चांगलं काम करून चाललो, असं त्यांना वाटत होतं.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला होता. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत लाल-पिवळ्या पताका, लाल-पिवळे कपडे, कोपऱ्यात ढोलवाले. मधल्या टेबलावर एक अख्खं भाजलेलं डुक्कर ठेवलेलं होतं, आणि ते नेमकं नंदाबाईंकडेच बघत होतं. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. तेवढ्यात मारिविक त्यांना हाताला धरून बाजूच्या खोलीत घेऊन गेली, कारण बाळाला नवा झगा चढवायची वेळ झाली होती. तिथे लोला पासिंग बसल्या होत्या. लोला म्हणजे आजी. एक्याण्णव वर्षांच्या, या मंडळींत सगळ्यात थोरल्या, त्यांच्या देखतच बाळाला कपडे करायची रीत. त्यांचे डोळे मिटलेले होते.

मारिविकने झगा चढवला, बंद बांधले आणि मागे सरून पाहिलं. मुकुटाखाली नुसता झगाच होता. दोन्ही हात बाह्यांत गडप. हातातला राजदंड गेला, पृथ्वीचा गोळा गेला, सोनेरी बूट गेले, खालचा चौरंगही गेला, आणि उरलेली मखमल टेबलावर पसरून पडली होती. बापाचा रेनकोट घातलेलं पोर दिसतं तसा देव दिसत होता. नेमकं त्याच वेळी बेबीने दारातून मान आत घातली, नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि उरलेला बाळ मागून येतोय का असं अगदी गोड आवाजात विचारून निघून गेली.

नंदाबाईंना स्वतःचाच असा राग आला की विचारू नका. एकतीस वर्षांचा नेम मोडणार, तोही देवाच्या कपड्यावर, आणि मारिविकची अकरा वर्षांची वाट आपल्या कात्रीपायी मातीत जाणार. मारिविक नुसती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तिने तोंड झाकलं. ते नंदाबाईंना बघवेना. बाहेर ढोल वाजायला लागले होते, म्हणजे दहा मिनिटं राहिली. त्यांनी पर्समधून सुई-दोरा काढला, जो त्या झोपतानाही लांब ठेवत नसत, आणि बाह्या सरसावल्या.

वाढत्या अंगाचं शिवणाऱ्याला ते तात्पुरतं आवरताही यावं लागतं. झग्याच्या घेराला खालून वर तीन आडव्या दुमडी घातल्या, बोटभर रुंद, कच्च्या टाक्यांच्या. बाह्यांना एकेक. पाठीवर मधोमध एक चपटी चुणी. बॉर्डर सगळ्यात खाली राहिली आणि तिच्यावर मखमलीच्या तीन पायऱ्या चढत गेल्या. बूट दिसले, राजदंड दिसला, गोळा दिसला. आणि गंमत अशी की हे मुद्दाम असंच शिवलंय असं वाटायला लागलं, मोत्यांच्या झग्याहून भारी वाटायला लागलं. मारिविकने तोंडावरचे हात काढले. नंदाबाईंनी शेवटचा दोरा दातांनी तोडला आणि बाळाच्या खांद्यावरची सुरकुती सारखी करत, काम संपलं की त्या प्रत्येक आईला जे सांगायच्या ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पुढच्या वर्षी घेऊन ये. एक दुमड मी उसवून देईन."

लोला पासिंगनी डोळे उघडले. ही काय म्हणाली, असं त्यांनी मारिविकला त्यांच्या भाषेत विचारलं असावं, कारण मारिविक त्यांच्या कानाशी वाकून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. आपण एवढंसं बोललो, त्याला एवढं कसं सांगावं लागतंय, असं नंदाबाईंच्या मनात आलं. मग लोलांनी छातीवर क्रुसाची खूण केली, नंदाबाईंचा हात पकडला आणि तो बाळाच्या झग्यावर नेऊन दाबून धरला. एक्याण्णव वर्षांच्या बाईची पकड, पण सुटता सुटेना. मारिविकने खाली बघत समजावून सांगितलं की बाळासमोर बोललेला शब्द म्हणजे नवस असतो. आता पुढच्या जानेवारीत ती दुमड आते नंदाच्याच हातांनी उसवायला हवी. दुसऱ्या कुणी त्या टाक्याला हात लावायचा नाही.

नंदाबाई चिडल्याच. ते दुकानदारीचं बोलणं होतं, सगळ्यांनाच म्हणतो आपण, आणि माझं दोन तारखेचं तिकीट आहे हे तुला ठाऊक नाही का, असं त्यांनी मारिविकला सुनावलं. मारिविक म्हणाली की ठाऊक आहे, पण मी काय करणार, बोललीस तू. नवस म्हणजे काय हे नंदाबाईंना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या नणंदेने एकदा देवघरापुढे उभं राहून नुसतं 'जाईन कधीतरी' म्हटलं होतं, तर नंदाबाईंनीच तिला भर मे महिन्यात रामटेकचा डोंगर चढायला लावला होता. आज तो डोंगर त्यांच्याच पुढ्यात येऊन उभा राहिला.

मिरवणूक निघाली. पुढे मारिविक, तिच्या हातांत बाळ, आणि झगा असा झळकत होता की लोक फोन उंच धरून फोटो घेत होते. बेबीही घेत होती. कुणीतरी नंदाबाईंच्या हातात एक छोटी मूर्ती दिली आणि त्यांना रांगेत ओढलं. दोन पावलं पुढे, एक मागे. ही काय चालायची तऱ्हा, अशाने माणूस पोहोचणार कधी, असं पुटपुटत त्यांनी हॉलला तीन फेऱ्या घातल्या, आणि चौथीला पाय आपसूक पडायला लागले. त्यांना फार आनंद झाला होता. तीन वर्षांत झाला नव्हता एवढा, आणि त्याचाच त्यांना थोडा राग येत होता.

मग जेवणं झाली. नंदाबाईंनी तांदळाचे केक खाल्ले आणि ते इडलीपेक्षा जरा गोड असल्याचं सगळ्यांना सांगितलं. बेबीने डुकराची तिसरी ताटली संपवली, जड पावलांनी बाळासमोर जाऊन उभी राहिली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली की उद्यापासून पुढच्या उत्सवापर्यंत डुक्कर खाणार नाही. सगळे खो खो हसले. दर वर्षी म्हणते, असं कुणीतरी म्हणालं. लोला पासिंग दोन हात अंतरावर शेवया खात बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, क्रुसाची खूण केली नाही, कुणाचा हात धरला नाही. नंदाबाईंनी हातातला केक ताटलीत ठेवला आणि त्या लोलांकडे बघत राहिल्या.

चार वाजता मारिविक त्यांना गाडीतून घरी घेऊन निघाली. बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नंदाबाईंनी काचेतून समोर बघतच विचारलं.

"बेबीने बाळासमोर डुक्कर सोडलं. मग लोलांनी तिचा हात का नाही धरला?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी मारिविकचा पाय ब्रेकवरच. शेवटी गाडी पुढे निघाली, आणि वळण घेऊन झाल्यावर ती म्हणाली, "लोलांनी विचारलं, ही काय म्हणाली. मी सांगितलं, ही आम्हाला सोडून चालली आहे. हिला धरून ठेव."

हे सरळ सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का, असं नंदाबाईंनी विचारलं. मारिविक म्हणाली की सरळ सांगितलं असतं तर तू बघू म्हणाली असतीस. ते खरं होतं. मारिविकने एका हाताने डोळे पुसले, आणि नंदाबाईंनी तिला पुढे बघून गाडी चालवायला सांगितलं, कारण त्यांनाही रुमाल काढायचा होता.

मग त्यांनी संजीवला फोन लावला आणि तिकीट पुढच्या फेब्रुवारीवर ढकलायला सांगितलं. पलीकडून एवढा मोठा, टक्कल पडायला लागलेला संजीव अगदी लहान आवाजात म्हणाला, "आई, खरंच राहतेस?"

"तुझ्यासाठी नाही," नंदाबाई म्हणाल्या. "मला इथे काम आहे."

यातलं पहिलं वाक्य धादांत खोटं होतं, पण ते गाडीत बोललेलं होतं, बाळासमोर नव्हे, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं.